साथ मिळणार नाही

ताईंच्या दारावर नाव नव्हतं. घंटाही नव्हती. ‘येथे साथ मिळणार नाही’ एवढीच एक पाटी होती, हातानं रंगवलेली. दर दिवाळीला ताई स्टुलावर चढून ती स्वतः नव्यानं रंगवायच्या.

बुऱ्हाणपुरात पाटी वाचून माणूस गप्प पुढं जात नाही. तो थांबतो, शेजारच्याला विचारतो, मग दोघं मिळून तिसऱ्याला विचारतात. त्यामुळं या पाटीचे अर्थ गावभर झाले होते. लग्नं जुळवणाऱ्या एका मावशींनी तर ती आपल्यालाच उद्देशून लावली आहे असं समजून ताईंशी बोलणं टाकलं होतं. ताईंना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, “बरं झालं. एका पाटीत दोन कामं झाली.”

खरा अर्थ साधा होता. ताई व्हायोलिन वाजवायच्या, आणि एकट्या वाजवायच्या. आपल्याकडं व्हायोलिन बहुतेक वेळा गायकाच्या शेजारी बसतं. गायक श्वास घ्यायला थांबला की मधली जागा भरतं, त्यानं घेतलेली तान पाठोपाठ वाजवून दाखवतं. ती साथ. ताई ती करत नसत. कितीही मोठा गायक असो, कितीही मोठा समारंभ असो. पुष्कळ लोक विचारायला यायचे, म्हणून पाटी.

गंमत अशी की मी त्यांचा तबलजी. म्हणजे साथीदारच. दिवसभर शाळेत गणित शिकवायचं आणि संध्याकाळी ‘साथ मिळणार नाही’ लिहिलेल्या दारातून साथ करायला आत शिरायचं, हा माझा कित्येक वर्षांचा क्रम. सुरुवातीला एकदा मी जरा लागट बोललोही होतो, “ताई, साथ इतकी वाईट असेल तर मी इथं काय करतोय?”

“साथ वाईट नाही रे भाऊ. सावली करून बसवणं वाईट.”

हे ‘सावली’ प्रकरण त्यांच्या विशीतलं. एका मोठ्या शहरात एका मोठ्या बुवांचं गाणं होतं आणि ताई साथीला होत्या. मंडप भरलेला. बुवांनी तान घेतली, ताईंनी ती वाजवली आणि शेवटी आपलं दोन सुरांचं शेपूट जोडलं. लोकांनी ताईंना दाद दिली. पुढच्या तानेला पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी बुवांनी हात लांबवून त्यांच्या व्हायोलिनचा गज धरला आणि माइकवर हसत म्हणाले, “पोरी, सावली माणसाच्या पुढं चालत नसते.”

मंडप हसला. ताईंनी गज सोडवून घेतला, त्याचा ताण सैल केला, व्हायोलिन बॉक्समध्ये ठेवलं, दोन्ही खटके लावले. ते खटके माइकवर सगळ्या मंडपाला ऐकू गेले. मग त्या उठल्या, रंगमंचाला नमस्कार केला आणि म्हणाल्या, “दुपार टळली की चालते, बुवा.” मागच्या पायऱ्या सोडून त्या पुढून उतरल्या आणि लोकांच्या मधून चालत बाहेर गेल्या.

हे उत्तर त्यांना तिथंच सुचलं की परतीच्या गाडीत खंडव्याच्या आसपास, याबद्दल मला शंका आहे. मी विचारलं की त्या हसायच्या आणि चहा टाकायला उठायच्या. पण पुढून उतरल्या हे नक्की. त्या दिवशी हार्मोनियमवर असलेला माणूस मला नंतर भेटला होता, त्यानंही तेच सांगितलं. आणि त्यानंतर कितीतरी वर्षं ताईंना कुणी बोलावलं नाही, हेही नक्की.

ती वर्षं त्यांनी याच गल्लीत काढली. गल्लीत दोन्ही बाजूंना कापड विणायचे लूम. सकाळपासून खडखडाट. पाहुणा आला की पहिल्या दिवशी त्याचं डोकं दुखायचं. ताई मात्र खिडक्या उघड्या टाकून त्यात रियाज करायच्या. लाईट गेली की लूम थांबायचे, आणि ताईही गज खाली ठेवून बाहेर ओट्यावर येऊन बसायच्या. मी म्हणायचो, “ताई, तुमच्या व्हायोलिनला कुठं लाईट लागते?” त्या म्हणायच्या, “गल्लीला सुट्टी झाली ना? मग मलेही झाली.” राग आला किंवा लाड आला की त्यांची भाषा अशी आईच्या माहेरची, दापोऱ्याची व्हायची. एरवी त्या शुद्ध बोलायच्या. ‘मले-तुले’ सुरू झालं की मी सावध व्हायचो.

समोरच्या घरात चार लूम चालवणारे एक चाचा होते. एकदा त्यांनीच येऊन विचारलं, “दीदी, हमारे शोर से आपको तकलीफ तो नहीं?”

“चाचा, माझ्या आवाजानं तुमचा धागा तुटतो का?”

“नहीं तो.”

“मग हिशोब संपला.”

मुळात या घरात व्हायोलिन आलं तेच चुकून. ताईंचे वडील कापडाच्या दुकानात कामाला होते आणि भजनी मंडळात टाळ धरायचे. मंडळानं त्यांना इंदूरला हार्मोनियम आणायला पाठवलं. बसला इतकी गर्दी की पेटी मांडीवर मावेना, टपावर टाकायला त्यांचं मन धजेना. ते उतरले, दुकानात परत गेले, पेटी देऊन त्याऐवजी व्हायोलिन घेऊन आले. “हेही गाणंच वाजवतं,” असं त्यांनी मंडळाला सांगितलं. मंडळ भडकलं. व्हायोलिन घरातच राहिलं आणि ते हातात धरायला घरात सहा वर्षांची एकच मुलगी होती. ताई म्हणायच्या, “एका बसच्या गर्दीवर माझं सगळं चाललंय.”

परदेशही असाच आला. आमच्याकडं कुंडी भंडारा बघायला लोक येतात. जमिनीखालून पाणी आणण्याची जुनी व्यवस्था आहे, पाण्यावर अभ्यास करणाऱ्यांना तिचं फार अप्रूप. त्यातलाच एक उंच गोरा गृहस्थ कुणाच्या तरी मागं आमच्या गल्लीतून चालला होता, तो ताईंच्या खिडकीखाली थांबला तो थांबलाच. चाचांनी त्याला खुर्ची दिली. लाईट गेल्यावर ताई ओट्यावर आल्या, तर समोर हा माणूस बसलेला. पुढच्या वर्षी त्याच्या विद्यापीठाच्या गावी ताईंचा पहिला कार्यक्रम झाला. तिथून दुसरीकडं, दुसरीकडून तिसरीकडं. मग दर वर्षी दिवाळी झाली की मी शाळेत रजा टाकायचो आणि आम्ही निघायचो: ताई, मी, तंबोऱ्याचं यंत्र आणि दराब्याचे डबे. परदेशी आयोजक फुलांचे गुच्छ द्यायचे, ताई त्यांना दराबा द्यायच्या. “रवा, साखर, तूप,” त्या समजावून सांगायच्या, “आणि हात दुखेस्तोवर फेटायचं. म्युझिकसारखं.”

तिकडं नाव झालं तेव्हा इकडच्यांना जाग आली. मुंबईचे एक मॅनेजर परदेशातले कार्यक्रम ठरवू लागले. माणूस वाईट नव्हता. तो म्हणायचा, “ताई, मुंबईत फ्लॅट घ्या. विमानतळ जवळ पडेल.” ताई म्हणायच्या, “मला कुठं विमान चालवायचंय?” जाहिरातीत ‘बुऱ्हाणपूर’ छापलं तर कुणाला कळत नाही, असं त्याचं म्हणणं. कळत नाही म्हणूनच छापा, असं ताईंचं.

यावरून जर्मनीत एकदा जे झालं ते मी विसरणार नाही. मोठं सभागृह, सगळी तिकिटं गेलेली. आम्ही गालिच्यावर बसलो, सूर लावले. निवेदक बाईंनी मायक्रोफोनवर ओळख करून दिली, त्यात मला एकच शब्द कळला: मुंबई. ताईंनी गज मांडीवर ठेवला. बाई बोलून थांबल्या, टाळ्या झाल्या, टाळ्या थांबल्या, तरी ताई वाजवेनात. मी हळूच म्हटलं, “ताई.”

त्या माइककडं वाकल्या. “नॉट मुंबई,” त्या म्हणाल्या. “बुऱ्हाणपूर.”

लोक हसले. ताई हसल्या नाहीत. “प्लीज. से. बुऱ्हाणपूर.”

पहिल्यांदा पुढच्या दोन रांगांतून काहीतरी पुटपुटल्यासारखं झालं. ताईंनी कानामागं हात धरला. दुसऱ्यांदा निम्म्या सभागृहानं म्हटलं. तो ‘ऱ्हा’ काही त्यांना जमेना, पण तिसऱ्यांदा सगळे मिळून जे ओरडले ते आमच्या तहसीलदारालाही ओळखू आलं असतं. “गुड,” ताई म्हणाल्या आणि मारवा सुरू केला. मारवा हा उदास राग. पाच मिनिटांत तेच सभागृह असं गप्प झालं की मला माझ्या बोटांची भीती वाटायला लागली.

पोस्टरवर माझंही नाव त्यांच्या नावाच्याच आकारात लागायचं. ही अट त्यांनी मला न विचारता घातली होती. मी म्हटलं, “ताई, लोकांना वाटेल मीही मोठा आहे.” त्या म्हणाल्या, “मग हो.”

अशी वर्षं गेली. आणि मग एका उन्हाळ्यात ताईंचं बोट वळलं.

डाव्या हाताचं मधलं बोट. आपल्या व्हायोलिनमध्ये पहिली दोन बोटं म्हणजे सगळं काही, मींड त्यांच्यावर, ताना त्यांच्यावर. रियाज चालू असताना ते बोट एकदम तळहाताकडं वळायला लागलं. दुखणं नाही, सूज नाही. त्याच हातानं ताई भाकरी थापायच्या, वेणी घालायच्या, सुईत दोरा ओवायच्या. फक्त व्हायोलिन उचललं की बोट आत. जणू त्याला कुणीतरी नको म्हणून सांगितलं होतं.

आम्ही इंदूरला मेंदूच्या डॉक्टरांकडं गेलो. तरुण, समजूतदार माणूस होता. त्यानं ताईंना तिथंच वाजवायला लावलं, दोन्ही हात तपासले. मग म्हणाला, “बोटाला काही झालेलं नाही. इतकी वर्षं एकच बारीक काम केल्यानं मेंदूतली त्या बोटाची खूण पुसट होते. वाजवणाऱ्यांना होतं असं. खात्रीचा इलाज नाही. तुम्ही आता आराम करा. भरपूर वाजवून झालंय.”

“भरपूर म्हणजे किती?” ताईंनी विचारलं.

डॉक्टर हसला. त्याला वाटलं, त्या चेष्टा करताहेत.

आम्ही घरी पोचण्याआधीच बातमी मुंबईला पोचली. मॅनेजरचा फोन आला तेव्हा मी तिथंच होतो, ताईंनी फोन स्पीकरवर टाकला. तो फार मऊ बोलला. एका तरुण गायकाचा मोठा दौरा ठरतोय, म्हणाला, युरोप आणि अमेरिका दोन्ही. ताई शेजारी बसल्या तर शोभा येईल. जलद काही वाजवावं लागणार नाही, चार लांब सूर धरले की झालं. मान तोच, प्रवास तोच, नावही मोठं. “लोकांना कळणारसुद्धा नाही, ताई.”

 ताई म्हणाल्या, “तुम्ही माझ्या घरी आला होतात ना?”

“हो, दोनदा.”

“दारातून आला होतात की खिडकीतून?”

 ताईंनी फोन बंद केला आणि मला म्हणाल्या, “तबला काढ.”

त्या हिवाळ्यात आम्ही कुठं गेलो नाही. ठरलेले कार्यक्रम एकेक करून गळले. सगळ्यांनी फार सभ्यपणे कळवलं. तेवढ्यात गावातल्या एका संस्थेनं जीवनगौरव पुरस्कार जाहीर केला. इतकी वर्षं ताई जगभर ‘बुऱ्हाणपूर’ म्हणायला लावत फिरल्या तेव्हा गावाला सुचलं नव्हतं. आता बोट वळलं तर शाल तयार. मी म्हटलं, “जाऊ नका.” त्या म्हणाल्या, “जाणार. व्हायोलिन घेऊन जाणार.”

सभागृह भरलं होतं. कॉलेजचे एक प्राध्यापक सूत्रसंचालन करत होते. त्यांची भाषा सुंदर, आवाज गोड. “ताईंच्या बोटांत जादू होती,” ते म्हणाले. “ताई वाजवत होत्या तेव्हा परदेशी श्रोते—”

“प्राध्यापक,” ताई खुर्चीतून म्हणाल्या. माइक नसतानाही शेवटपर्यंत ऐकू गेलं. “तुमचा काळ चुकतोय.”

“अं?”

“होती नाही. आहे. होत्या नाही. वाजवतात.”

प्राध्यापकांनी घाम पुसला आणि वाक्य दुरुस्त करून पुन्हा म्हटलं. मग शाल, नारळ, भाषणं. सगळं झाल्यावर ताईंनी बॉक्स उघडला. आयोजकांच्या कार्यक्रमपत्रिकेत हे नव्हतं, पण त्यांना नाही म्हणणार कोण?

पूरियाचा आलाप छान झाला. संथ होता, बोटाला वेळ मिळत होता. माझे खांदे सैल पडले. मग गत सुरू झाली, लय जरा चढली आणि पहिल्याच तानेत बोट आत वळलं. सूर करकरला. ताई थांबल्या. “परत,” मला म्हणाल्या. मी पुन्हा ठेका धरला. त्याच जागी पुन्हा तेच. लोक खाली बघायला लागले. कुणीतरी उगाच खोकलं. तिसऱ्यांदा तर गज तारेवरून घसरला आणि असा आवाज निघाला की पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी तोंडावर पदर घेतला. मला वाटलं, आता पडदा पडावा. वीज जावी. काहीही व्हावं.

ताईंनी व्हायोलिन खाली ठेवलं. त्यांचा चेहरा लाल झाला होता, पण मान सरळ होती.

“सध्या हे असं आहे,” त्या लोकांना म्हणाल्या. “लपवण्यासारखं काही नाही. पुढच्या वर्षी याच दिवशी इथंच या. मी वाजवीन.”

 मग मागून चाचांचा आवाज आला, “टाइम क्या रहेगा, दीदी?”

“सात!” ताई म्हणाल्या.

त्यानंतरचं वर्ष माझ्या आयुष्यातलं सगळ्यात कंटाळवाणं वर्ष. ताईंनी मधल्या बोटाला कापडाची पट्टी बांधली आणि ती मागं मनगटाला अडकवली, म्हणजे बोट तारेपासून लांब राहील. मग पहिलं बोट आणि अनामिका यांच्यावर सगळं पुन्हा शिकायला घेतलं. सा-रे-ग-म-पासून. जी बाई मारव्यानं सभागृहं गप्प करायची तिच्या खिडकीतून आता पहिलीतल्या मुलीसारखे सूर यायचे, आणि खिडकी उघडीच असायची. मी म्हणायचो, निदान एक झडप तरी लावा. त्या म्हणायच्या, “कायले? ज्यांनी पिकलेलं खाल्लं त्यांनी कच्चंही पाहावं.”

रोज संध्याकाळी मी जायचो आणि तीच एक ओळ वाजायची. शेवटी एके दिवशी मला राहवलं नाही.

“ताई, लोकांनी तुमचं इतकं चांगलं ऐकलंय. तेच राहू द्या ना त्यांच्या कानात.”

“लोकांच्या कानात ठेवून मी काय करू? मले माझ्या हातात पाहिजे.”

“आणि नाहीच आलं तर?”

“तं नाही येईन. तुले कंटाळा आला असंन तं नको येऊ. मी मोबाईलवर ठेका लावून वाजवीन.”

मी तरातरा निघून आलो. घरी जाऊन जेवलो नाही. बायकोनं विचारलं तर म्हटलं, “त्या मोबाईल लावून वाजवणार आहेत.” ती म्हणाली, “मग लावू देत ना.” पण मला ते सहन होईना. मशीन ठेका देतं, पण ताईंचं बोट कुठल्या मात्रेला अडखळतं आणि तिथं क्षणभर हात हलका करायचा असतो, हे मशीनला काय कळणार? दुसऱ्या दिवशी मी वेळेआधीच पोचलो. ताईंनी चहा पुढं केला. त्यात आलं नेहमीपेक्षा जास्त टाकलं होतं.

पुढच्या वर्षी त्याच दिवशी, सातला, कार्यक्रम झाला. संस्थेनं हॉल दिला, पण पदाधिकारी फारसे आले नाहीत. गल्ली आली. जवळच्या निंबोल्याहून काही ओळखीचे शेतकरी केळीच्या गाडीतून आले. प्राध्यापक आले, एकटे, शेवटच्या रांगेत बसले. ताईंनी तासभर वाजवलं. ताना पूर्वीच्या निम्म्या वेगाच्या होत्या. काही ठिकाणी त्या दोन सुरांमधलं अंतर एकाच बोटानं घसरत कापायच्या, आणि त्या घसरण्यात असं काही यायचं जे पूर्वी त्यांच्या वाजवण्यात नव्हतं. पूर्वी त्या जिंकायच्या. आता त्या पोचायच्या. मला कोणतं जास्त आवडलं ते मी सांगणार नाही, कारण ताईंनी विचारलं होतं तेव्हाही सांगितलं नव्हतं. “सूर लागले का?” एवढंच त्यांनी पुढं विचारलं. “लागले.” “मग झालं.”

त्यानंतर शेवटच्या आजारपणापर्यंत त्या वाजवत राहिल्या. दौरे लहान झाले, सभागृहं लहान झाली, मॅनेजर राहिला नाही. एका परदेशी वर्तमानपत्रात आलं की त्या आता फार हळू वाजवतात. मी भीत भीत अर्थ सांगितला. “बरोबर लिहिलंय,” ताई म्हणाल्या, आणि पुढचं काय आहे ते विचारलं.

त्या लहान दौऱ्यांतल्या पहिल्याची गोष्ट सांगायची राहिली. बोलावणं एकाच ठिकाणाहून आलं होतं. उत्तरेकडं समुद्रकाठी एक गाव, तिथल्या एक आजीबाई जुन्या चर्चमध्ये कार्यक्रम करायच्या. कमी वाजवा पण या, असं त्यांनी कळवलं होतं. त्यांच्याच घरी आम्ही उतरलो. माणसं थोडी होती, कोट अंगातच ठेवून बसली होती, कारण चर्चमध्ये थंडी मरणाची. ताईंनी पट्टी बांधलेला हात सगळ्यांना दिसेल असा धरून वाजवलं.

कार्यक्रम संपल्यावर एक उंच, वाकलेला माणूस शेवटपर्यंत रेंगाळत राहिला. सगळे गेल्यावर तो आला आणि त्यानं आपला डावा हात ताईंसमोर धरला. आजीबाईंनी इंग्रजीत सांगितलं, मी ताईंना मराठीत सांगितलं: हा इथल्या मोठ्या ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवायचा. याचीही बोटं अशीच वळायला लागली, शेवटची दोन. डॉक्टरांनी थांबायला सांगितलं. यानं थांबवलं. त्याला आता खूप वर्षं झाली.

ताईंनी त्याचा हात हातात घेतला, उलटा केला, एकेक बोट दाबून पाहिलं. केळ्यांची फणी पाहावी तसा.

“व्हायोलिन आहे, की विकलं?”

आहे, तो म्हणाला. कपाटाच्या वर.

“उद्या सकाळी घेऊन ये म्हणावं.”

मी म्हटलं, “ताई, उद्या आपली अकराची गाडी आहे.” “मग त्याला नऊला बोलाव,” त्या म्हणाल्या.

तो नऊला आला. स्वच्छ दाढी केलेली, टाय लावलेला, जणू परीक्षेला आला होता. बॉक्स उघडला तर आत तारा गंजलेल्या. एक तार पिळताना तुटली. ताईंनी आपल्या बॉक्समधली तार काढून दिली. त्यानं ती बसवली, व्हायोलिन हनुवटीखाली धरलं आणि वाजवायला लागला. कसलीतरी सुंदर, भरभर चढणारी धून होती. सुरुवातीचा तुकडा झाला आणि बोटं वळली. त्यानं व्हायोलिन लगेच मांडीवर ठेवलं.

“बघितलंत?” तो म्हणाला. “हे असं होतं.”

“बघितलं. माझंही होतं. ती दोन बोटं सोड आणि उरलेल्यांनी वाजव.”

मी भाषांतर केलं. त्यानं मान हलवली. “तसं नाही वाजवत. ते चूक आहे. तसं कुणीच वाजवत नाही.”

“मी वाजवते,” ताई म्हणाल्या. “आणि ही भरभर वाली नको. लहानपणी पहिली कुठली शिकलास, ती वाजव.”

त्यानं टाय सैल केला. मग त्यानं व्हायोलिन उचललं आणि दोन बोटांनी एक अगदी साधी, चार ओळींची धून सुरू केली. भयंकर वाजली. सूर इकडं तिकडं पडत होते. दोन ओळींनंतर तो थांबला आणि “सॉरी” म्हणाला. ताईंनी गजानं त्याच्या गुडघ्यावर टिचकी मारली. “सॉरी कायले? पुढं.” हे मी भाषांतरित केलं नाही, पण त्याला कळलं.

दुसऱ्या वेळी तीन ओळी झाल्या. तिसऱ्या वेळी धून ओळखू येऊ लागली, कारण स्वयंपाकघरातून आजीबाई ओले हात घेऊन दारात आल्या आणि तिचे शब्द गुणगुणायला लागल्या. त्या माणसाला रडू फुटलं, पण गज थांबला नाही.

घड्याळात साडेदहा झाले होते. मी बॅगा दारापाशी आणून ठेवल्या, तबल्याची पिशवी बांधली आणि ताईंना घड्याळ दाखवलं.

“तबला काढ,” त्या म्हणाल्या.

“ताई, गाडी—”

“गाडी जाऊ दे. याची लय सुटतेय, दिसत नाही का तुले? ठेका धर.”

मी पिशवीची गाठ सोडली.